प्लगिन बंद व्हायच्या आत

बायको गेल्यावर चार महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं, की तिचा आवाज घरात कुठंच नाही.

फोटो होते. नातेवाइकांच्या लग्नाच्या, बारशाच्या सीड्या होत्या. त्यात ती ताट घेऊन इकडून तिकडं जाते, कुणाला तरी हाक मारते, पण शूटिंगवाल्यानं सगळ्यावर गाणी चढवलेली. तिचं तोंड हलतं आणि सनई वाजते.

तिचा फोन मीच घालवला. आमच्यात सवाष्ण गेली की तिच्या वापरातलं तेराव्याला दुसऱ्या सवाष्णीला देतात. लुगडी, चपला, फणी, कुंकवाचा करंडा. त्या गाठोड्यात मी फोनही टाकला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, वापरातलं म्हणजे वापरातलं, त्यात निवड करायची नाही. ज्या बाईला दिला तिनं तो दुकानात देऊन दुसरा घेतला. मग एक दिवस जेवताना पोरगा म्हणाला, "नाना, आईच्या फोनात सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत होते. मी आज माझ्या फोनात ते सेटिंग बघितलं आणि एकदम आठवलं." घास माझ्या हातातच राहिला. दुकानदाराकडं विचारायला गेलो, तर तो म्हणाला, आम्ही आलेला फोन आधी पुसतो.

त्यानंतर मी घरात कुणाशी नीट बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग आमचे बागाईतदार मालक भेटायला आले. पिंपळगावच्या अलीकडं त्यांची द्राक्षाची बाग आहे. तिथं मी वीस-बावीस वर्षं ट्रॅक्टर चालवला आणि बायको विरळणीच्या बायांची मुकादम होती. विरळणी म्हणजे घडातले जादा मणी कातरीनं काढायचे, म्हणजे राहिलेले फुगतात. हे काम तिच्यासारखं कुणाला येत नव्हतं. नवरा म्हणून कौतुक सांगत नाही, लांबलांबचे बागवाले तिला बोलवायचे. चहा पिता पिता मालक म्हणाले, "वहिनींचा तो व्हिडिओ आहे की अजून त्या संस्थेच्या साइटवर."

मला एकदम आठवलं. शेतीचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेची माणसं खूप वर्षांपूर्वी बागेत कॅमेरा घेऊन आली होती. विरळणी कशी करतात ते तिला करून दाखवायला आणि बोलायला सांगितलं. सकाळभर चाललं ते. नंतर कुणी कुणाला विचारलं नाही.

मालकांनी माझ्या फोनवर ती साइट उघडून दिली. वर मराठीत लिहिलेलं, द्राक्ष विरळणी, प्रात्यक्षिक. खाली एक राखाडी चौकोन, त्यात कोड्याच्या तुकड्यासारखं चित्र. बाकी काही नाही. दाबलं तरी काही होईना.

"फोनवर नाही चालत ते," मालक म्हणाले. "जुन्या पद्धतीचं आहे. संगणक लागतो, आणि त्यात एक प्लगिन टाकावं लागतं."

"ते कुठं मिळतं?"

"मिळत नाही, नाना. टाकावं लागतं."

ते गेल्यावर मी बराच वेळ त्या चौकोनाकडं बघत बसलो. तिचा आवाज त्याच्या आत होता आणि मी बाहेर.

आमच्याकडं पोराचा जुना संगणक आहे, हॉलच्या कोपऱ्यात. त्यात तो सोसायटीची कागदपत्रं ठेवतो, तो सेक्रेटरी आहे. मी चौथी शिकलेला. मराठी वाचतो, लिहितो, इंग्रजी अक्षरं ओळखतो पण त्यांचे शब्द होत नाहीत. तरी दुसऱ्या दिवशी पोरगा कंपनीत गेल्यावर मी खुर्चीत बसलो. सून आतल्या खोलीत तिच्या ऑफिसच्या कामाला बसलेली. त्या वर्षी सगळ्यांची ऑफिसं घरात आली होती. दार लावून ती दिवसभर इंग्रजीत बोलायची. तिला विचारायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. खरं सांगायचं तर ही पोरगी मला कधी फारशी पटली नव्हती. तिलाही मी पटलो नसणार.

साइट उघडली. चौकोन दाबला. दुसरं पान उघडलं. त्यावर एक मोठं हिरवं बटण, चमकणारं. आमच्याकडं मोटारीचंही हिरवं बटण दाबलं की पाणी चालू होतं. मी हिरवं दाबलं. मग आणखी एक हिरवं आलं, तेही दाबलं. जे जे हिरवं आलं ते दाबत गेलो.

पहिल्यांदा वाटलं जमलं. मग पडद्यावर एक बाई आली, माझी नव्हे. नोटा उधळणारी. तिला बंद केलं तर पत्ते आले. पत्ते बंद केले तर कोपऱ्यातून भोंगा वाजायला लागला आणि लाल अक्षरं लुकलुकू लागली. मी माउस सोडून दिला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलो.

सून दार उघडून बाहेर आली. कानाला ते हेडफोन लावलेले.

"नाना, काय केलंत?"

"काही नाही. प्लगिन टाकत होतो."

"कुठलं प्लगिन?"

 तिनं वाकून पडदा बघितला, मागून वायर ओढली आणि आत निघून गेली.

संध्याकाळी पोरगा आला. त्याला सोसायटीच्या सभेची यादी काढायची होती. संगणक सुरू केला तर पुन्हा ती नोटावाली बाई. त्यानं कपाळावर हात मारला.

"नाना, हे काय आहे? पत्ते कुणी आणले घरात?"

"मी."

"तुम्हाला संगणक येतो का?"

"नाही."

"मग हात कशाला लावला? माझं चार वर्षांचं काम आहे ह्यात! उद्या सभेत लोक मला फाडून खातील."

"खाऊ दे," मी म्हणालो. "तुझ्या आईचा आवाज आहे त्याच्या आत. तुझ्या याद्यांचं मला काय कौतुक?"

तो खुर्चीत बसला. मग म्हणाला, "हे आधी सांगता येत नव्हतं?"

मी म्हणालो, "सांगितलं असतं तर तू केलं असतंस?"

बापलेकांत असं बोलणं झालं की दोघंही बरेच दिवस त्याचा हिशेब मनात ठेवतात. त्यानं तो सगळा कचरा काढला, दोन तास लागले. मग हात जोडून म्हणाला, "रविवारी बघू. तोवर लांब राहा."

रविवारी त्याला कंपनीत जावं लागलं. पुढच्या रविवारी सभा. मधल्या काळात मी त्या संस्थेत फोन लावला. तिथल्या बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, "काका, ते शूटिंग करणारे सर सोडून गेले. मूळ टेप आमच्याकडं नाही. आणि आता नवी साइट होणार, त्यात हे जुने व्हिडिओ घेणार नाहीत. तुम्हाला बघायचा असेल तर वर्ष संपायच्या आत बघून घ्या. ते प्लगिनच बंद होणार आहे सगळीकडं."

"बंद म्हणजे?"

"म्हणजे नंतर कुणाच्याच संगणकावर चालणार नाही."

कॅलेंडरचं शेवटचं पान भिंतीवर लागलेलं होतं. मी फोन ठेवला, आतल्या खोलीचं दार वाजवलं.

सुनेनं उघडलं. मी तिला सगळं सांगितलं. तेराव्याचं, फोनचं, चौकोनाचं, संस्थेतल्या बाईंच्या बोलण्याचं. उभ्याउभ्याच सांगितलं. तिनं मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "मला कधी सांगणार होता?"

"सांगितलं ना आता."

"ऑफिसच्या लॅपटॉपवर मला काहीही टाकता येत नाही. नोकरी जाईल. हॉलमधल्या संगणकावर करावं लागेल. शनिवारी मला सुट्टी आहे. ह्यांना सांगू नका."

"का?"

"घाबरतील. मागचा पराक्रम आठवून."

ती हसली. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

शनिवारी सकाळी नऊला आम्ही बसलो. पोरगा कामावर. तिनं खरं प्लगिन कुठं असतं ते शोधलं, हिरव्या बटणाकडं ढुंकूनही बघितलं नाही. एक पट्टी भरत भरत गेली. मध्येच अँटीव्हायरसनं अडवलं, तिनं त्याला समजावलं. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला. चौकोनाच्या जागी आता एक छोटी चौकट आली, दोन बटणं असलेली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती उठून खिडकीशी गेली. मी त्या दोन बटणांकडं बघत होतो. एक निळं, एक पांढरं. मागच्या वेळी रंगाला फसलो होतो म्हणून ह्या वेळी मी पांढरं दाबलं.

चौकोन काळा पडला.

ती परत आली. "चौकट कुठं गेली?"

"दाबली."

"कुठलं बटण?"

"पांढरं."

तिनं डोळे मिटले. "नाना, ते विचारत होतं, चालू देऊ का म्हणून. तुम्ही त्याला नाही म्हणून सांगितलंत. आता ते परत विचारणारही नाही."

मला वाटलं, संपलं. पाठीला घाम आला. डिसेंबरात. तिनं पडद्यावर कुलपाचं चित्र दाबलं, एक यादी उघडली, त्या यादीत आणखी एक यादी. बोटानं ओळी मोजत खाली गेली. मी तिच्या बोटाकडं बघत होतो. एका ओळीपाशी थांबली, काहीतरी बदललं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "हात मांडीवर ठेवा."

मी ठेवले.

चौकोन उजळला. आधी पानं दिसली, मग वेलीचा मांडव, मग एक हात. हिरव्या बांगड्या, मनगटावर चुन्याचा डाग. मग ती. डोक्याला टॉवेल बांधलेला, केस अजून काळे.

"हा घड बगा," ती म्हणाली. "वरच्या पाकळ्या, ह्या बारक्या फांद्या, राहू द्यायच्या. मधली एक ठेवली का एक काढायची."

मी इतकी वर्षं ऐकलेला तो आवाज. थोडा नाकातून येणारा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. कॅमेऱ्यापुढं असूनही कुणाला तरी रागावल्यासारखा. घरात मिठाचा डबा मागायची तरी असंच मागायची.

चार मिनिटांचा होता तो. संपला. सुनेनं पुन्हा लावला. पुन्हा संपला. मी दोन्ही वेळा काय शब्द आहेत ते ऐकलंच नाही. नुसता आवाज ऐकत होतो.

"हे काढून घेता येतं का?" मी विचारलं.

तिनं प्रयत्न केला. उजवं बटण, डावं बटण, सगळं. "नाही देत. प्लगिनच्या आत कोंडलेलं आहे. पण असं करू, मी फोन समोर धरते आणि पडद्याचं शूटिंग घेते. आवाज येईल. आणि एक सांगते, हा ब्राउझर आता बंद करायचा नाही. बघा, कोपऱ्यात लाल खूण आलीय. नवा ब्राउझर येऊन बसलाय, हा बंद झाला की तो लागणार. त्यात हे प्लगिन चालत नाही."

"बंद नाही करत."

तिनं खिडक्या लावल्या. पंखा बंद केला. खाली भाजीवाला ओरडत होता, तो जाईपर्यंत थांबलो. फ्रिज घरघरत होता, त्याची वायर काढली. मग ती खुर्चीवर गुडघे टेकून, दोन्ही हातांत फोन धरून बसली. तिचे हात हलत नव्हते. मान हलवून तिनं मला खूण केली. मी बटण दाबलं.

"हा घड बगा."

दोन मिनिटं ठीक गेली. कातर मण्याला लागू द्यायची नाही, हाताचा घाम मण्याला लागला की डाग पडतो, हे सगळं झालं. मग चित्रात एका बाजूनं सावली आली. ती घडावर पडली. बायकोनं कातर थांबवली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला बघून म्हणाली, "अहो, उजेडातून बाजूला व्हा. दिसंना काय. ऐकताय का?"

"हो, हो, झालो बाजूला," मी म्हणालो. "तू बोल."

ती सावली माझी होती. त्या दिवशी मी पाण्याचा कॅन घेऊन तिथं उभा होतो. पण मी बोललो ते आज, इथं, हॉलमध्ये, मोठ्यानं. तोंडातून गेलं ते गेलं. ती पुढं बोलत होती आणि माझं बोलणं तिच्या बोलण्यावर जाऊन पडलं.

सुनेनं मान हलवली नाही. शेवटापर्यंत तशीच धरून राहिली. मग फोन खाली घेतला.

"काही हरकत नाही," ती म्हणाली. "परत घेऊ. फोनमधली जागा भरत आलीय, मी आत जाऊन थोडे फोटो लॅपटॉपवर टाकते. पाच मिनिटं. तोवर तुम्ही शांत बसा."

ती आत गेली. मी एकटा उरलो. पडद्यावर शेवटचं चित्र थांबलेलं. बायकोचा चेहरा अर्धवट वळलेला, तोंड उघडं, काहीतरी म्हणायचं राहून गेल्यासारखं. मला ते बघवेना. एक मिनिट बघितलं, दोन मिनिटं बघितलं. मग तोंड धुवावं म्हणून उठलो.

चाळीस वर्षं आमच्या घरात एक रीत होती. खोलीतून उठलं की भिंतीवरचं बटण बंद करायचं. टीव्ही असो, पंखा असो, बोर्डावरचं बटण वर. ती स्वतः करायची आणि आम्हाला करायला लावायची. हाताला ते इतकं लागलंय की डोक्याला विचारत नाही. मी मोरीपाशी पोचलो, नळ सोडला, आणि तोंडावर पाणी मारताना लक्षात आलं, की मघाशी टक् असा आवाज झाला होता.

धावत आलो. पडदा काळा.

मी बटण पुन्हा खाली केलं. संगणक गुरगुरला. सून बाहेर आली, तिनं बोर्डाकडं बघितलं, माझ्या ओल्या तोंडाकडं बघितलं. काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

ब्राउझर उघडला. वर नवी चिन्हं, सगळं गोल गोल. तिनं साइट लावली. राखाडी चौकोन. खाली इंग्रजीत एक ओळ.

"काय लिहिलंय?"

"आता हे प्लगिन चालत नाही, असं."

तिनं दुपारी तीन वाजेपर्यंत प्रयत्न केला. जेवली नाही. संध्याकाळी पोरगा आला, त्याला सगळं सांगितलं. ह्या वेळी तो ओरडला नाही. त्यानं कुठून तरी जुना ब्राउझर आणून टाकला, कंपनीतल्या एका जाणकाराला फोन लावला. पुढच्या आठवड्यात दोनदा वाटलं की जमतंय. नाही जमलं. वर्ष संपलं. काही दिवसांनी ती साइट उघडायचीच बंद झाली.

राहिलं ते सुनेच्या फोनमधलं एक शूटिंग. त्यात माझं बोलणं. माझ्या बोलण्याखाली तिचे काही शब्द. तिथं तिचं तोंड हलताना दिसतं, पण ऐकू येतो मी.

आधी वाटलं, चार शब्दांचं काय एवढं? पण मग दिवसभर तेच. दोनदा कानावरून गेले होते ते शब्द, पण मी नुसता आवाज ऐकला होता. सुनेनंही ऐकले होते, पण तिला द्राक्षाचं काही कळत नाही. ती म्हणाली, "काहीतरी मारा असं होतं बहुतेक. मला वाटलं फवारा मारा." फवारा कसा असेल, मी म्हणालो, कातर हातात घेऊन कुणी फवारा मारतं का? ती खाली मान घालून गेली. मी तिला उगाच टाकून बोललो. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी जाऊन म्हणालो, "कालचं मनावर घेऊ नको." ती म्हणाली, "घेतलंच नव्हतं." घेतलं होतं.

मग तिनंच सुचवलं. "आईंच्या टोळीतलं कुणी आहे का अजून?"

होती. पेठकडची एक बाई, बायकोच्या हाताखाली पंधरा वर्षं काम केलेली. आता तीच मुकादम झालेली. ती मला दाजी म्हणते. जानेवारीत मी एसटीनं बागेत गेलो. द्वारका चौकात गाडी बदलताना दोनदा खिसा चाचपला, फोन आहे ना म्हणून. सुनेनं ते शूटिंग माझ्या फोनवर टाकून दिलं होतं आणि आणखी तीन ठिकाणी ठेवलं होतं.

विरळणी कधीच संपली होती. बाया घडांना कागद बांधत होत्या. मुकादमीण मांडवाखालून वाकून बाहेर आली. मी तिला फोन दिला आणि म्हणालो, "मी मध्ये बोललोय, तिथं ती काय म्हणतीय ते सांग."

तिनं पदरानं हात पुसले. फोन लांब धरून बघितला. बायको दिसताच डोळे भरले तिचे, पण ती बघत राहिली. माझा आवाज आला तशी तिनं माझ्याकडं एकदा बघितलं.

"दाजी, तुमी तिथं बी मदी मदी करत व्हते, हितं बी तेच."

"ते कळलं मला. काय म्हणतीय ते सांग."

"परत लावा."

लावलं. ती तोंडाकडं बघतच नव्हती. हाताकडं बघत होती.

"हे बगा," ती म्हणाली, "कातर खाली गेली. आता घडाच्या टोकाला धरलंय. शेंडा मारतीया. तिथं आली का ती एकच बोलायची, दरसाल, दर नव्या बाईला. शेंडा मारा, लोभ करू नका."

"खात्री हाय?"

"ओ दाजी, माज्या हाताला अजून आवाज येतो तिचा. शेंडा ठेवला का पुरा घड बारीक ऱ्हातो. नव्या बायांना मन होत नाय मणी टाकायला, म्हणून बोलायची. मी बी आता त्येच बोलते."

मग तिला कुणीतरी ओळीतून हाक मारली आणि ती कागदाचा गठ्ठा काखेत मारून आत गेली.

मी बांधावर बसलो. शूटिंग लावलं. अहो, उजेडातून बाजूला व्हा. ऐकताय का? मग मी. मी बोलतो तिथं मी ते चार-पाच शब्द तिच्या आवाजात मनात घालून बघितले. जमलं नाही, माझंच ऐकू आलं. पुन्हा लावलं. तेव्हाही नाही. तिसऱ्या वेळी मी तिच्या हाताकडं बघत राहिलो, कातर टोकाशी गेली, आणि माझ्या बोलण्याच्या मागून ते आलं. बारीक, नाकातून, शेवटी वर जाणारं.

आता ते रोज ऐकू येत नाही. एखाद्या दिवशी येतं.